बंबालासुद्धा काडीमाणूस

मेट्रनबाईंच्या खोलीबाहेरच्या भिंतीवर सोमवारी सकाळी एक भलामोठा कागद लागला आणि दवाखान्यातली निम्मी माणसं हातातली कामं टाकून त्याच्यासमोर उभी राहिली. कागदाच्या मधोमध एक चौकट होती. चौकटीच्या आत अंड्यासारखे गोल काढून प्रत्येकात एकेक काम लिहिलं होतं. चौकटीच्या बाहेर, चहूबाजूंनी, शाळकरी पोरं पाटीवर काढतात तशी काड्यांची माणसं उभी होती. एक वाटोळं डोकं, खाली पाच रेघा, आणि पायाशी तो कोण ते लिहिलेलं. सर्जन. भूलतज्ज्ञ. थिएटरची सिस्टर. स्टोअरकीपर. मेट्रन.

थोरलीने तो कागद डावीकडून उजवीकडे वाचला, मग उजवीकडून डावीकडे वाचला, मग पदराने चष्मा पुसून पुन्हा वाचला. ती कुठेच नव्हती. दवाखान्यात तिला ट्रेवाल्या मावशी म्हणत, घरी थोरली. आपण थोरलीच म्हणू, कारण घरात एक धाकटीही होती आणि सगळं दुखणं तिथेच होतं.

थोरलीचं काम तळघरात. ऑपरेशनला वापरलेली हत्यारं तिच्याकडे खाली येत. ती धुवायची, एकेक कात्री उघडझाप करून बघायची, यादीप्रमाणे ट्रेमध्ये मांडायची, कापडात बांधायची आणि वाफेच्या मोठ्या मशीनमध्ये ठेवायची. त्या मशीनचं खरं नाव लांबलचक होतं. सगळे त्याला बंब म्हणत. बंबातून निघालेले ट्रे छोट्या लिफ्टने तिसऱ्या मजल्यावर थिएटरला जात. एकोणीस वर्षं ती हे करत होती आणि एकोणीस वर्षांत तिच्या ट्रेमधून एक चिमटा कमी निघाला नव्हता.

कागदावर ती नव्हती, पण बंब होता. डोकं, दोन हात, दोन पाय आणि खाली लिहिलेलं, "निर्जंतुकीकरण यंत्र". त्याच्या शेजारी आणखी एक काडीमाणूस होता, त्याच्या पायाशी "घड्याळ". घड्याळालासुद्धा हातपाय फुटले होते. आणि उजव्या कोपऱ्यात, जरा ऐटीत उभी असल्यासारखी, "ट्रे भरून देणारी बाहेरची कंपनी".

तिने कागदावर बोट ठेवून एकदा बंबाकडे बघितलं, एकदा थिएटरच्या सिस्टरकडे. बंबाचं तिला नवल वाटलं. सिस्टरच्या काडीमाणसावर मात्र तिचं बोट अडून राहिलं, कारण थिएटरची सिस्टर म्हणजे धाकटी. तिची सख्खी जाऊ.

जावा जावा आणि उभा दावा असं म्हणतात, पण यांच्यात भांडण असं कधी झालंच नाही. झालं असतं तर बरं झालं असतं. चार भांडी आपटली की मन मोकळं होतं. थोरलीचं मन मोकळं व्हायला जागाच मिळाली नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा नर्सिंगचा फॉर्म भरून ठेवलेला होता. त्याच वर्षी सासूबाईंचं मांडीचं हाड मोडलं, आणि फॉर्म कपाटात राहिला. पुढे दवाखान्यात तळघरातली जागा निघाली, घराजवळ होती, तिने घेतली. त्यानंतर पाच वर्षांनी धाकटी आली. तोवर सासूबाई खुटखुटीत झाल्या होत्या. धाकटीने लग्नानंतर नर्सिंग केलं. तीन वर्षं ती पुस्तक घेऊन खिडकीत बसायची आणि थोरली दोघींचा स्वयंपाक करायची. मग कुणाची म्हैस आणि कुणाला उठबस, असं थोरली मनात म्हणायची. तोंडावर कधी आणलं नाही. धाकटी पास झाली तेव्हा सासूबाईंनी शेजारपाजारच्यांना बोलावून सांगितलं, आमच्या घरात शिकलेली सून आहे. थोरली चहाचे कप घेऊन तिथेच उभी होती.

तेव्हापासून धाकटी सिस्टर आणि थोरली मावशी. वयात फक्त सहा वर्षांचं अंतर. एकाच घरातून एकाच वेळी निघायच्या, दवाखान्याच्या फाटकात पोचायच्या, तिथे पहारेकरी एकीला "गुड मॉर्निंग सिस्टर" म्हणायचा आणि दुसरीला "मावशी, जरा बाजूने". एकीची लिफ्ट वर जायची, दुसरी जिना उतरायची. अकरा वर्षं रोज हेच. माणसाने किती गिळायचं याला काही माप असतं.

पण तो कागद नुसता मानापानाचा नव्हता. दवाखान्यात नवीन सॉफ्टवेअर येणार होतं. शुक्रवारच्या बैठकीत त्या कागदावर सह्या व्हायच्या होत्या, आणि सह्या झाल्या की चौकटीबाहेर जो उभा असेल त्यालाच नव्या यंत्रणेत प्रवेश, त्यालाच काम. उरलेल्यांची सोय दुसरीकडे. मेट्रनबाईंनी थोरलीला जिन्यात गाठून तसं गोड शब्दांत सांगितलंही होतं, तुमचं आपण चादरींच्या खोलीत बघू, तिथे बसून काम असतं, गुडघ्यांना आराम पडेल. थोरलीचे गुडघे ठणठणीत होते.

कागद काढणारा माणूस दुसऱ्या मजल्यावर एका रिकाम्या खोलीत बसायचा. कुणी काही विचारलं की हा आधी चौकट काढायचा, मग बोलायचा. म्हणून सगळे त्याला चौकटवाले म्हणू लागले होते. माणूस सालस होता. थोरली दारात उभी राहिली तेव्हा त्याने स्वतः उठून खुर्ची दिली. तिने विचारलं की बंबाला माणूस आहे आणि मला का नाही.

त्याने चौकट काढली. मग समजावून सांगितलं. चौकट म्हणजे आपली यंत्रणा. आत जे गोल आहेत ती तिची कामं. बाहेर उभं राहून जो तिच्याकडे काही मागतो, किंवा तिला काही देतो, त्याला काडीमाणूस. तो माणूसच असला पाहिजे असं नाही. बंब आपण बनवलेला नाही, तो बाहेरचा आहे, तो "ट्रे झाला" असा निरोप देतो, म्हणून तो बाहेर. घड्याळात सहा वाजले की यंत्रणा आपोआप दिवसाची यादी काढते, म्हणून घड्याळ बाहेर. आणि खाली लिहितो ते व्यक्तीचं नाव नव्हे, भूमिका. सिस्टर म्हणजे तुमच्या जाऊबाईच असं नाही. त्या जागी जी उभी असेल ती.

एवढं सगळं थोरलीला नीट कळलं. तिची बुद्धी कुणाला भाड्याने दिलेली नव्हती. तिने विचारलं, मग ट्रे लावणारी?

चौकटवाल्याने आपली वही उघडली. तीन आठवड्यांपूर्वी त्याने सगळ्यांना प्रश्न विचारले होते. त्याने थोरलीचं पान काढून तिच्यासमोर फिरवलं. "यादीत नसलेलं काही तुम्ही करता का?" या प्रश्नाखाली तिचं उत्तर होतं: "नाही. यादीप्रमाणे भरते."

हे तिनेच सांगितलं होतं. का सांगितलं, हेही तिला आठवत होतं. त्या दिवशी धाकटी शेजारच्याच खुर्चीत बसली होती, आपला नंबर यायची वाट बघत. थोरली यादीत नसलेलं किती करायची ते तिचं तिलाच माहीत. डावखुऱ्या डॉक्टरांसाठी ती डाव्या हाताची कात्री ठेवायची आणि सगळा ट्रे उलट्या क्रमाने मांडायची. म्हाताऱ्या डॉक्टरांची बोटं आता थरथरतात, म्हणून त्यांना जड मुठीचा चिमटा. पेशंट लहान मूल असेल तर बारीक हत्यारं वरच्या थरात. यातलं काहीही कुठे लिहिलेलं नव्हतं. सगळं तिच्या हातात होतं. आणि हे धाकटीच्या देखत सांगायचं? म्हणजे उद्या तिने तेही शिकून घ्यावं? फॉर्म गेला, मान गेला, एवढं एक स्वतःचं उरलं होतं. म्हणून ती मूग गिळून बसली. स्वतःच्या पायावर कुऱ्हाड मारायची तर इतकी नेमकी मारावी.

तिने विचारलं, सिस्टरने काय सांगितलं होतं? चौकटवाल्याने जरा घुटमळत पान उलटलं. धाकटीचं उत्तर एका ओळीचं होतं: "उद्या कोणते डॉक्टर आहेत ते मी फोनवर सांगते, ट्रे येतो."

ट्रे येतो. कुणी पाठवतं नाही, कुणी लावतं नाही. नळाला पाणी यावं तसा येतो. थोरली जिना उतरताना प्रत्येक पायरीवर ते दोन शब्द म्हणत उतरली. धाकटीने खोटं सांगितलं असतं, श्रेय लाटलं असतं, तर तिला चार शिव्या तरी देता आल्या असत्या. तिने काही लाटलं नव्हतं. तिला तळघरात कुणी आहे हेच आठवलं नव्हतं. थोरलीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

मंगळवारी दुपारी तळघरातला फोन वाजला. धाकटी नेहमीच्या घाईत म्हणाली, "ताई, उद्या पहिली केस डावखुऱ्या डॉक्टरांची." थोरली म्हणाली, "बरं." मग तिने यादी समोर ठेवली आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ट्रे यादीप्रमाणे भरला. तंतोतंत. यादीतली एक वस्तू कमी नाही, एक जास्त नाही. कात्र्या सगळ्या उजव्या हाताच्या. येऊ दे ट्रे, असं म्हणत तिने गाठ मारली.

तिचा हिशोब साधा होता. वर ट्रे उघडेल, डॉक्टर ओरडतील, धाकटीची पळापळ होईल, दोन मिनिटांत खालून डाव्या हाताच्या कात्र्यांचं दुसरं पाकीट जाईल. दुसरं पाकीट तिने तयार करून लिफ्टजवळ ठेवलंही होतं. ती दुष्ट नव्हती. निदान तसं तिचं म्हणणं होतं.

बुधवारी सकाळी फोन आला तेव्हा छोट्या लिफ्टमध्ये कुणीतरी मळक्या कपड्यांची पेटी कोंबून ती दोन मजल्यांच्या मध्ये अडकवली होती. थोरलीने पाकीट छातीशी धरलं आणि जिन्याने धावत निघाली. गुडघे ठणठणीत असले तरी वय पन्नाशीला टेकलेलं. दुसऱ्या मजल्यावर तिला धाप लागली, तिसऱ्यावर थिएटरचं दार उघडायला कुणी नव्हतं. पाकीट आत पोचेपर्यंत अकरा मिनिटं गेली. तेवढा वेळ एक माणूस भूल दिलेल्या अवस्थेत टेबलावर पडून होता आणि त्याची बायको बाहेर बाकावर बसून थोरलीकडे बघत होती. पेशंटला काही झालं नाही. थोरलीला त्या बाईशी नजर मिळवता आली नाही.

दुपारी धाकटी तळघरात आली. अकरा वर्षांत ती इथे किती वेळा आली असेल ते बोटांवर मोजता आलं असतं. ती बंबाला टेकून उभी राहिली. आता कडाकडा बोलेल, या तयारीत थोरलीने पदर खोचला. धाकटी हळूच म्हणाली, "आधी मला वाटलं, चुकून झालं. पण तुमच्याकडून चुकून झालं असतं तर आणखी काहीतरी हललं असतं. बाकी सगळं यादीच्या क्रमाने जागच्या जागी होतं."

थोरलीने उगाच एक धुतलेला चिमटा पुन्हा धुतला. धाकटी निघून गेली. संध्याकाळी दोघी एकाच रस्त्याने घरी गेल्या, सासूबाईंना औषध कुणी द्यायचं याशिवाय एक शब्द बोलल्या नाहीत.

शुक्रवारी बैठक भरली. लांब टेबल, भिंतीवर तोच कागद, चौकटवाला हातात पेन घेऊन उभा. थोरलीला बोलावलं होतं ते बुधवारचा खुलासा द्यायला. डावखुऱ्या डॉक्टरांनी लेखी तक्रार केली होती. मेट्रनबाईंनी यादी वाचली, ट्रेची नोंद वाचली आणि म्हणाल्या की ट्रे यादीप्रमाणे बरोबर होता, मग ऑपरेशन थांबलं कशाने?

कुणी काही बोलायच्या आत धाकटी उठली. म्हणाली, "चूक माझी आहे. डॉक्टर कोण ते खाली कळवायचं राहिलं. फोन करायला मी विसरले."

चौकटवाल्याने मान डोलावली. म्हणाला की प्रश्नच मिटला. डॉक्टरांचं नाव सिस्टरनेच यंत्रणेत भरायचं, तशी रेघ आपण सिस्टरच्या काडीमाणसापासून चौकटीत नेऊ. मेट्रनबाईंनी धाकटीला दोन शब्द सुनावले, पण आवाजात राग नव्हता. स्वतःहून कबूल करणाऱ्या माणसावर कुणाला राग येतो? टेबलाभोवतीचे सगळे चेहरे धाकटीकडे वळले आणि मऊ झाले. थोरलीने ते बघितलं. तिला वाचवलं होतं. गप्प बसली असती तर कुणाला कधी कळलं नसतं. चादरींच्या खोलीत बसून निवृत्तीपर्यंत वर्षं निघाली असती.

आणि तेच तिला सहन होईना. शिक्षण हिने घेतलं, सिस्टर ही झाली, सासूबाईंच्या तोंडात हिचं नाव, कागदावर हिचा काडीमाणूस. आता माझं पापसुद्धा हिनेच घ्यायचं, आणि वर चांगुलपणाही हिच्याच पदरात? आयुष्यात मी स्वतःच्या अकलेने केलेली ही एक गोष्ट, वाईट का असेना, माझी आहे.

ती उभी राहिली. "फोन आला होता," ती म्हणाली. "मंगळवारी दुपारीच आला होता. मी मुद्दाम यादीप्रमाणे भरला."

धाकटीने तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला आणि सगळं सांगितलं. डाव्या हाताची कात्री, उलटा क्रम, जड मुठीचा चिमटा, लहान मुलांचा वरचा थर. सहा महिन्यांपूर्वी आलेल्या डॉक्टरीणबाईंना हातमोज्यांमुळे बारीक कडी पकडता येत नाही, हेसुद्धा. बोलता बोलता तिला जाणवलं की लोक ऐकतायत. डावखुरे डॉक्टर तर तोंड उघडं टाकून बघत होते. त्यांना आजवर वाटत होतं, सगळ्याच दवाखान्यांत कात्र्या त्यांच्या हाताला आपोआप बसतात.

चौकटवाल्याने विचारलं, "तीन आठवड्यांपूर्वी हे का नाही सांगितलंत?"

"सांगायचं नव्हतं म्हणून," थोरली म्हणाली.

तो कागदाकडे वळला. मग त्याने "बाहेरची कंपनी" खोडली नाही, पण तिच्यापासून चौकटीत जाणारी रेघ मध्येच तोडली आणि त्या तोडलेल्या जागी एक वाटोळं डोकं काढलं, खाली पाच रेघा. म्हणाला, कंपनीचे ट्रे यादीप्रमाणे येतील, पण ते थेट वर जाऊन चालणार नाहीत. मध्ये कुणीतरी पाहिजे. आणि जो एखादी गोष्ट मुद्दाम करू शकतो आणि मुद्दाम न करू शकतो, त्याला चौकटीच्या आत कोंबता येत नाही. चूक आपली आहे, त्याने मेट्रनबाईंना सांगितलं, एक माणूस सुटला होता.

त्याने काडीमाणसाच्या पायाशी लिहिलं, "ट्रे लावणारी". थोरलीने ते वाचलं. तिचा काडीमाणूस सिस्टरच्या काडीमाणसाच्या अगदी शेजारी होता, आणि घाईत काढल्यामुळे बोटभर उंच झाला होता. तिला इतका आनंद झाला की तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

मेट्रनबाईंनी तो आनंद पुरा होऊ दिला नाही. त्या म्हणाल्या, भूमिका ठरली ते ठीक. पण भूल दिलेला पेशंट अकरा मिनिटं टेबलावर ताटकळला, आणि ज्या बाईने ते जाणूनबुजून केलं तिच्या हातात मी हत्यारं ठेवू शकत नाही. तुम्ही सोमवारपासून चादरींकडे जायचं. या जागी उभं कोण राहणार ते आत्ता लिहायचं आहे, कारण सह्या आज होतायत. एवढं सगळं येतं कुणाला?

यंत्रणा येईपर्यंत कुणाला तरी शिकवून घेऊ, असं स्टोअरकीपर पुटपुटला. नाहीतर ही भूमिकाच काढून टाकू, असं कुणीतरी म्हणालं. चौकटवाल्याचं पेन कागदाजवळ घुटमळलं. थोरलीला कळलं की आणखी मिनिटभर ती गप्प राहिली तर तो काडीमाणूस खोडला जाईल. मग तो कुणाचाच राहणार नाही; निदान धाकटीचा तरी होणार नाही. ही दुसरी गोष्ट तिच्या मनात आली आणि बराच वेळ तिथेच राहिली.

मग तिला बुधवारची दुपार आठवली. बाकी सगळं जागच्या जागी होतं. एकोणीस वर्षांत तिचा ट्रे इतका नीट दुसऱ्या कुणी बघितला नव्हता. जी सगळं जागच्या जागी आहे हे एका नजरेत ओळखते, तिला प्रत्येक गोष्टीची जागा ठाऊक असते. "ट्रे येतो" म्हणणाऱ्या बाईच्या डोळ्यांत तिचा एकेक ट्रे पाठ होता, आणि ते दोघींनाही माहीत नव्हतं.

"हिला येतं," ती म्हणाली आणि धाकटीकडे न बघता बोट केलं. "अकरा वर्षं माझे ट्रे हिनेच उघडलेत. मी कुठे काय ठेवते ते जगात दुसऱ्या कुणाला माहीत नाही."

धाकटी म्हणाली, "ताई, मला नको." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

"नको कशी? घे," थोरली म्हणाली. "कात्र्या मी दाखवीन."

मेट्रनबाईंनी नाव लिहून घेतलं. सह्या झाल्या. थोरलीची सही लागणार नव्हती, म्हणून ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. काम गेल्याचं तिला वाईट वाटत होतंच, पण त्याहून वाईट वाटत होतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. धाकटी ते काम चांगलं करणार होती.